तांबूच्या खाण्याच्या नोंदी

७ एप्रिल २०२४, रत्नागिरी

तांबूचं खाणं आजपासून घरीच, पण हिशोबानं शिजवायचं. त्यासाठी ही वही.

तांबू आमची गावठी कुत्री. वय साधारण पाच, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं, आजचं वजन १६ किलो. बरगड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण हात फिरवला की बोटांना लागतात. वरून पाहिलं तर कंबर दिसते. म्हणजे अंगानं ती आत्ता हवी तशीच आहे आणि तशीच राहायला हवी. पॅकेटमधले दाणे ती निम्मे खाते आणि उरलेल्यांसमोर बसून राहते. बाकीची भूक आईनं दिलेल्या मासे-भातावर भागते. म्हणजे दाण्यांतून मिळणारं पोषण निम्मं आणि मासे-भातातून काय मिळतं ते कुणी मोजलेलं नाही.

आईचं म्हणणं, "आपल्या खळ्यातल्या कुत्र्यांनी कधी दाणे खाल्ले? भात आणि माशांची डोकी खाऊन जगली की सगळी." ते खरंच आहे. पण ती कुत्री मोकळी होती. दिवसभर परड्यातून, व्हाळातून, शेतातून फिरायची. उंदीर धरायची, खेकडे फोडायची, कुणाकडे कोंबडं कापलं की पिसं-आतडी ओढून न्यायची. भात हा त्यांच्या खाण्याचा आपल्याला दिसणारा भाग होता. तांबू कुंपणाच्या आत राहते आणि दोरीला धरून फिरते. तिच्या ताटात जे नसेल ते तिला दुसरीकडून कुठूनच मिळणार नाही.

१० एप्रिल

डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त दिलं (पेशी, यकृत, मूत्रपिंड), वजन पुन्हा केलं. घरी शिजवायला त्यांची ना नाही. त्यांचा आग्रह एवढाच की शिजवायचं तर रोज तेच आणि तेवढंच शिजवायचं, अंदाजानं काही नको.

उष्मांकांचा हिशोब त्यांनी कागदावर करून दाखवला. वजनाचं वर्गमूळ काढायचं, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढायचं, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ७० नं गुणायचं. १६ चं वर्गमूळ ४, ४ चं २, गुणाकार ८, म्हणून ५६० किलोकॅलरी. ही नुसती पडून राहण्याची गरज झाली. ऑपरेशन झालेल्या, हिंडत्या-फिरत्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ नं गुणायचं. तांबूचे झाले सुमारे ९००. हा आकडा सुरुवातीपुरता. खरा निकाल वजनकाटा देणार.

वजन दुप्पट झालं म्हणून गरज दुप्पट होत नाही, हे या वर्गमुळांमुळे पहिल्यांदाच नीट कळलं. ३२ किलोच्या कुत्र्याला तांबूच्या दुप्पट नाही, पावणेदोन पटीहूनही थोडं कमीच लागेल. "माझा कुत्रा तुमच्यापेक्षा मोठा, मग दुप्पट घालते" असं करणाऱ्यांची कुत्री का सुटतात ते आत्ता समजलं.

१४ एप्रिल

आज दुपारभर वही, कॅल्क्युलेटर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटकांची कोष्टकं घेऊन बसले होते. पहिला मसुदा, एका दिवसाचा, सगळी वजनं कच्ची:

कातडी-हाडं काढलेलं चिकन ३०० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, एक अंडं, कलेजी २० ग्रॅम, लाल भोपळा किंवा दुधी किंवा गाजर १०० ग्रॅम, करडईचं तेल एक चमचा. बेरीज ८९० च्या आसपास. प्रथिनं भरपूर. दिसायलाही छान दिसतं, कुणीही म्हणेल किती चांगलं खायला घालतात.

आता कॅल्शियम. या सगळ्या ताटात मिळून ते जेमतेम १०० मिलिग्रॅम भरतं. तांबूला हवं १,००० ते १,१०० मिलिग्रॅम. उलट फॉस्फरस ८५० च्या वर जातो, कारण मांसात तो खूप असतो. कुत्र्याच्या खाण्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, फार तर दुप्पट. इथे ते त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकं आहे. चिकन-भात म्हणून घरोघर जे शिजतं त्यातली सगळ्यात मोठी त्रुटी ही, आणि ती ताटाकडे बघून कधीच दिसणार नाही. रानातलं कुत्रं मांस खातं तेव्हा हाडंही खातं. आपण हाडं काढून टाकतो, ती काढायलाच हवीत, पण त्यांच्या जागी काही ठेवत नाही.

आई म्हणाली, दूध घाल. १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. म्हणजे जवळपास लिटरभर दूध पाजावं लागेल, तिच्या दिवसाच्या उष्मांकांचे दोन-तृतीयांश त्यातच गेले. शिवाय मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात. मग नाचणी? नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम, धान्यांत तिच्यासारखी दुसरी नाही. पण एक ग्रॅम कॅल्शियमसाठी पावणेतीनशे ग्रॅमच्या वर पीठ लागेल, म्हणजे दिवसभराचं जेवण नुसत्या नाचणीचंच. त्यातही नाचणीतलं फायटेट कॅल्शियम आणि जस्त दोन्ही धरून ठेवतं, आतड्यातून अंगी लागू देत नाही. नाचणी चांगलीच, पण हे काम तिच्याच्यानं होणार नाही.

उत्तर कचऱ्याच्या बादलीत होतं, अंड्याचं कवच. ते बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, वजनाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास शुद्ध कॅल्शियम, आणि फॉस्फरस जवळजवळ नाही. ३ ग्रॅम पूड घातली की ११०० मिलिग्रॅमची सोय झाली. फॉस्फरसशी प्रमाणही दीडपटीच्या जवळ, जागेवर आलं.

१७ एप्रिल

कवचांची पूड केली. कवचं धुऊन, आतली पातळ पापुद्री निघेल तेवढी काढून, दहा मिनिटं उकळली. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवून पातळ फडक्यातून चाळली. चाळणं महत्त्वाचं: जाड कण आतड्याला टोचतात आणि न विरघळता तसेच बाहेर पडतात. पूड बोटांत धरली तर मैद्यासारखी लागली पाहिजे.

एका कवचाची साधारण ५-६ ग्रॅम पूड होते, रोज लागते ३ ग्रॅम. घरात अंडी आहेत तोवर कवच विकत आणायला नको.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३ ग्रॅम नीट मोजता येत नाहीत, एक ग्रॅम इकडेतिकडे होतोच. म्हणून आठवड्याचं एकदम शिजवायचं आणि २१ ग्रॅम एकदम मोजून घालायची. मग तेवढ्या फरकानं बिघडत नाही.

२१ एप्रिल

पहिला घाणा. चिकनवाल्याला सांगून मांडीचं आणि छातीचं मांस निम्मं-निम्मं घेतलं, हाडं-कातडी काढून. तो पेठाही (कोंबडीचं जठर) देत होता. पुढच्या वेळी थोडं चिकन कमी करून घेईन, पेठ्याला कुत्री नाही म्हणत नाहीत.

कलेजीबद्दल थोडं. कोंबडीची न घेता बोकडाची घेतली, कारण तांबं. शेळ्या-मेंढ्या-गुरांच्या यकृतात ते कोंबडीच्या यकृतापेक्षा कितीतरी जास्त साठतं आणि माझ्या मसुद्यात तांबं कमी पडत होतं. पण कलेजी आवडते म्हणून वाटीभर घालायची नाही. तिच्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साचत जातं आणि फार झालं तर हाडांना अपाय करतं. एकूण ताटाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, तांबूसाठी २० ग्रॅम पुरे.

मोठ्या पातेल्यात आधी भात मऊ, जवळजवळ पेजेइतका शिजवला. चिकन वेगळं, त्याच्याच पाण्यात. ते पाणी टाकायचं नाही, भातातच ओतायचं. भोपळा शेवटी, झाकण ठेवून. उकडलेली अंडी कुस्करून. तेल आणि कवचाची पूड गार झाल्यावर, कारण तापवलं की तेलातल्या ई जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. कांदा नाही, लसूण नाही, हळद-तिखट नाही. मीठ चिमूटभर. सात डब्यांत वजन करून भरलं, दोन फ्रिजमध्ये, पाच वर बर्फाच्या कप्प्यात.

२२ ते ३० एप्रिल

बदल हळूहळू. सुरुवातीला पाव हिस्सा घरचं आणि बाकी दाणे, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण, शेवटी सगळं. निम्म्यावर असताना शी एक दिवस सैल झाली, तिथेच दोन दिवस थांबले, मग पुढे गेले. आता शी आकारात कमी, घट्ट, वासही कमी. तहान कमी झालीये. घाबरायचं कारण नाही, दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, शिजवलेल्या खाण्यात सत्तरीच्या घरात. पाणी आता ताटातूनच जातंय.

ताट चाटून-पुसून. तिला असं खाताना बघून आम्हा सगळ्यांनाच बरं वाटतं.

५ मे

बहिणीचा फोन. तिनं कुठेतरी वाचलंय की कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भात घालणं पाप, कच्चं मांस आणि हाडं एवढंच द्यावं. यावर माझं मत लिहूनच ठेवते, म्हणजे पुन्हा-पुन्हा सांगायला नको.

भाताबद्दल: कुत्रा माणसाच्या उकिरड्याजवळ राहून कुत्रा झाला आणि त्याचं शरीरही त्याप्रमाणे बदललं. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांचं काम आलं. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात; कुत्र्यांत त्यांना चारपासून तीसपर्यंत सापडल्या. शिजवलेला भात, भाकरी, बटाटा कुत्र्याला पचतो. मऊ शिजवलेला मात्र हवा.

कच्च्याबद्दल: आपल्याकडे कोंबडी दुकानात उघड्यावर, उन्हाळ्यात, एकाच ओंडक्यावर कापली जाते. अशा मांसातला साल्मोनेला हा जंतू कुत्र्याला कदाचित सोसेल, पण त्याच्या तोंडातून आणि शीतून तो घरभर जातो. घरात सत्तरीची आई आहे आणि सुट्टीला आलेला चार वर्षांचा भाचा, जो तांबूच्या तोंडाला तोंड लावतो. कच्चं माझ्या घरात नाही.

हाडांबद्दल: शिजवलेलं हाड कधीच नाही. शिजलं की ते ठिसूळ होतं आणि टोकदार कपच्या पडतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. तंदूरी-कबाबची हाडं कुत्र्यापुढे टाकणारे प्रेमानंच टाकतात, पण त्यानं जीव जाऊ शकतो.

९ मे

आंब्याचे दिवस. परड्यात बाठे पडलेत आणि तांबू ते चघळते. बाठा गिळला तर आतड्यात अडकतो, मग ऑपरेशनच. भाच्याला कामाला लावलंय: जेवण झालं की बाठे मोजून झाकणाच्या बादलीत. आंब्याची फोड एखादी द्यायला हरकत नाही.

१९ मे

आज मोठं काम झालं. कॅल्शियमचा प्रश्न सुटला म्हणून मी निश्चिंत होते, पण डॉक्टरांनी बाकीच्या घटकांचाही हिशोब करून आणायला सांगितला होता.

जस्त: रोज १३-१४ मिलिग्रॅम हवं, माझ्या ताटात त्याच्या निम्म्याच्या आसपास. ई जीवनसत्त्व: कमी. ड जीवनसत्त्व: अंड्यातून थोडं, बाकी नाही. माणसाला ते उन्हातून मिळतं, कुत्र्याची कातडी ते पुरेसं बनवू शकत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. तांबू रोज सकाळी खळ्यात उन्हाला पसरलेली असते, त्याचा इथे उपयोग नाही.

आयोडीन: मला वाटलं होतं आयोडीनयुक्त मिठानं भागेल. कायद्याप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या मिठात किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. म्हणजे एक ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. तांबूची गरज दिवसाला २०० च्या जवळ. एवढ्यासाठी तेरा ग्रॅम मीठ घालणार का? मिठाचा हा रस्ता बंद.

म्हणजे "वेगवेगळं घाला, आपोआप समतोल साधतो" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य कुत्र्याच्या बाबतीत टिकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाखेनं २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून घरच्या खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या होत्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला, ८३ टक्क्यांत एकाहून जास्त. अनेक पाककृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. महत्त्वाचं हे की कमतरता पुन्हा-पुन्हा त्याच घटकांची होती. म्हणून आज ही, उद्या ती अशी पाककृती बदलूनही भागत नाही. सोमवारी जस्त कमी आणि मंगळवारीही जस्तच कमी.

डॉक्टरांनी घरी शिजवलेल्या खाण्यासाठीच बनवलेली जीवनसत्त्व-खनिजांची पूड लिहून दिली, वजनाप्रमाणे रोजचं माप ठरवून. दुकानात मिळणाऱ्या साध्या टॉनिकच्या बाटल्या वेगळ्या. त्या दाणे खाणाऱ्या कुत्र्याला वरून द्यायच्या असतात, घरच्या ताटातल्या त्रुटी त्या भरत नाहीत. या पुडीत कॅल्शियम नाही ना, हे डबी वाचून पक्कं केलं, कारण ते कवचातून जातंच आहे आणि अति झालं की तेही वाईट.

एका डबीवर अवलंबून राहायचं का, असं मनात आलं होतं. पण तांबूच्या हाडा-कातड्याचा प्रश्न आहे. पूड घालायची.

२८ मे

मिरकरवाडा बंदरावर जाऊन तारली आणि बांगडे आणले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तोवरचा साठा करायचा.

मासे आठवड्यातून दोनदा, त्या दिवशी चिकन १०० ग्रॅमनं कमी. चरबी असलेल्या छोट्या समुद्री माशांतून ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्व मिळतं, ते चिकनमध्ये शोधून सापडत नाही. तारलीला माझी पहिली पसंती: छोटी, स्वस्त. कुकरला शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवली की काट्यांचा बोटांत भुगा होतो. बांगड्याचा मधला काटा एवढ्यानं विरघळत नाही, तो काढून टाकायचा. तारली काट्यांसकट असेल त्या दिवशी कवचाची पूड थोडी कमी. मासा कच्चा द्यायचा नाही, काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो.

आईनं बांगड्यांची डोकी मागितली, तिच्या कालवणासाठी. बरोबरच आहे, तारलीची डोकी मात्र तांबूला गेली.

१२ जून

पाऊस लागला. फिरणं निम्म्यावर आलंय आणि वजन १६.६. चिकन, अंडं, कलेजी, पूड यांना हात लावायचा नाही, फक्त तांदूळ १०० वरून ७५ ग्रॅम करायचा. उष्मांक ८०० च्या आसपास येतील. सगळंच पंचवीस टक्के कमी केलं तर खनिजं-जीवनसत्त्वंही तेवढीच कमी होतील आणि त्यांची गरज काही पावसात कमी होत नाही.

व्हाळाला चढणीचे मासे आलेत. शेजाऱ्यांनी ओंजळभर आणून दिले, तांबूसाठी म्हणून. प्रेमानं दिलेले, पण बारीक, कडक काटे. कुकरमध्ये शिजवून, गाळून, नुसतं पाणी भातावर घातलं.

लाईट सारखी जाते. बर्फाच्या कप्प्यातला डबा एकदा पूर्ण सुटला की तो त्याच दिवशी वापरायचा, पुन्हा गोठवायचा नाही. म्हणून पावसाळ्यात आठवड्याचं न शिजवता तीन-चार दिवसांचं शिजवायचं ठरवलं.

२३ जून

आई भातावर तूप घालते, माझ्या नकळत. आज विचारलं तर म्हणाली, "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले, कोरडी भाकरी खाऊ नको म्हणून. आणि तू मला अर्धा चमचा घालू देत नाहीस?"

अर्धा चमचा तूप म्हणजे वीस-बावीस उष्मांक. वहीत लिहिलं, तेवढा तांदूळ कमी केला. आईचं तूप आता रोजच्या हिशोबात आहे. करडईचं तेल मात्र चालूच राहील. कुत्र्याला लागणारं लिनोलेइक आम्ल तुपात फार थोडं असतं, करडईत भरपूर, आणि कातडी-केसांची तकाकी त्यावर असते.

६ जुलै

पलीकडच्या वाडीतलं लॅब्राडॉरचं पिल्लू, चार महिन्यांचं. घरच्यांनी आवडीनं वाढवलेलं: चिकन-भात, दूध-पोळी, कसलीच कमी नाही. गेल्या आठवड्यापासून लंगडतंय, पुढचे पाय वाकलेत, उचललं की केकाटतं. मी सोबत गेले होते. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकी की भोवतीच्या मांसापासून वेगळी ओळखू येईनात, एका पायाला बारीक मोडही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते लिहून ठेवते, कारण तांबूच्या रक्ततपासणीतून काय कळत नाही तेही यातच आहे. खाण्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त झाला की रक्तातलं कॅल्शियम घसरू लागतं. हृदय आणि स्नायू चालायला ते ठरावीक पातळीला लागतंच, म्हणून गळ्यातल्या छोट्या ग्रंथी जास्त स्राव सोडतात आणि शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. रक्त तपासलं तर कॅल्शियम अगदी व्यवस्थित दिसतं. हाडं मात्र आतून रिकामी होत असतात. मोठ्या कुत्र्यात हे दिसायला काळ जातो, वाढत्या पिल्लात काही आठवडे पुरतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला तर कॅल्शियमचं अतिही सोसत नाही, तेही हाडांना वाकडं वळण देतं.

त्यामुळे पिल्लासाठी माझी ही वही कुणीही वापरू नये. पिल्लाचं घरचं खाणं आहारतज्ज्ञ पशुवैद्यानं त्याच्यासाठी बसवून दिलं तरच, नाहीतर पिल्लांसाठीचे दाणेच चांगले. त्या घरात आज तेच सुरू झालं, पिल्लाला पिंजऱ्यात विश्रांती. हाड अजून वाढीचं आहे, भरून येईल असं डॉक्टर म्हणाल्या.

घरच्यांना फार लागलं ते. जे द्यायला हवं होतं ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

१७ जुलै

आषाढी. घरात साबुदाण्याची खिचडी, तांबूला तिचं नेहमीचं. वजन १६.२.

साठवलेली तारली संपली. बाजारात सुकी मासळी आहे. खारवलेला बांगडा अजिबात नको, मिठाचाच असतो. सुके बोंबील नुसत्या उन्हात वाळवलेले, ते चालतील. चिमटीभर मोडून चाखून बघितले, खारट नव्हते. वाळू जाईपर्यंत तीन पाण्यांनी धुतले, भिजवले, मऊ शिजवले. तारलीइतकी चरबी त्यांत नाही. बंदी उठेपर्यंत ओमेगा-३ साठी डॉक्टरांनी सांगितलेलं माशाच्या तेलाचं औषध.

४ ऑगस्ट

दिव्यांची अवस. उद्या श्रावण लागतो. चिकनच्या दुकानासमोर रांग गल्लीच्या तोंडापर्यंत होती. उद्यापासून भाव उतरेल, पण उद्यापासून आमच्या ओट्यावर मांस शिजणार नाही.

याबद्दल आईशी आधीच बोलले होते. महिनाभर शाकाहारी घालता येईल का, हे डॉक्टरांनाही विचारलं होतं. मोठ्या कुत्र्याचं शाकाहारावर भागवता येतं, पण त्याचा हिशोब संपूर्ण नव्यानं बांधावा लागतो. नुसतं चिकन काढून डाळ-पनीर घातलं की झालं असं नाही. महिन्यापुरतं सगळं उलटंपालटं करण्यापेक्षा जागा बदलणं सोपं. आईचंच वाक्य: "तिला कसला गं श्रावण? तिला तिचं दे. फक्त माझ्या ओट्यावर नको." मागच्या पडवीत जुनी एका शेगडीची चूल मांडली, पातेलं, सुरी, पाट वेगळा. मासेमारीही सुरू झालीये.

१८ ऑगस्ट

पडवीतला स्वयंपाक बरा जमतोय. खरं तर कायमच तिथे करावा. जागा मोठी, पातेलं धुवायला नळ जवळ, आणि तांबू पायरीवर बसून सगळं बघते.

१ सप्टेंबर

रक्ताचा नवा रिपोर्ट. पेशी, यकृत, मूत्रपिंड सगळं मर्यादेत, एप्रिलपेक्षा वाईट काही नाही. चांगलं आहे, पण याचा अर्थ खाणं संपूर्ण बरोबर आहे असा होत नाही. त्या पिल्लाचं रक्तातलं कॅल्शियमही ठीकच होतं. मोजमाप पाळलं जातंय यावर माझा भरवसा रिपोर्टपेक्षा जास्त आहे. वजन १६.०. केस दाट, पाठीवरचा कोंडा गेलाय.

ते पिल्लू भेटलं. पाय थोडे बाहेर वळलेले राहिलेत, पण पळतंय.

५ सप्टेंबर

परवा गणपती. मुंबई-पुण्याहून सगळे येणार, घर भरेल, प्रत्येकाच्या हातात काहीतरी असेल आणि तांबूला प्रत्येकानं काहीतरी द्यावंसं वाटेल. दाराच्या आत आणि स्वयंपाकघरात दोन कागद चिकटवले. वर मोठ्या अक्षरांत: तांबूला काहीही देण्याआधी आईला किंवा मला विचारा. खाली कारणांसकट, कारण नुसतं "नको" म्हटलं की माणसं ऐकत नाहीत:

बेदाणे आणि द्राक्षं, म्हणून मोदकाचं सारण आणि खिरापतही नको. कुत्र्याची मूत्रपिंडं एकाएकी बंद पडू शकतात, किती खाल्ल्यावर ते आधी सांगता येत नाही. चिंचही त्याच कारणासाठी नको, म्हणजे आमटी गेली. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, तळलेला, मसाल्यातला, कुठलाच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते दिसायला काही दिवस जातात, तोवर कशानं झालं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. चॉकलेट नाही. झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम नाही, त्यानं रक्तातली साखर धाडकन उतरते. पुरी, वडे, तळणीतलं काही नाही, स्वादुपिंडाला सूज येते.

देण्यासारखं: उकडलेलं गाजर, काकडीची चकती, बिया काढलेली सफरचंदाची फोड, साधं ताक दोन चमचे. हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत. गाजराचे तुकडे एका डब्यात कापून फ्रिजच्या दारात ठेवलेत, पाहुण्यांनी त्यातलेच द्यायचे. भाच्याला त्या डब्याचा अधिकारी नेमलंय.

गणपतीचे पाच दिवस पडवीत पाहुण्यांच्या गाद्या असतील, तेव्हा खाणं आजच शिजवून गोठवलं. सध्याचं एका दिवसाचं माप: चिकन ३०० (त्यातलं थोडं पेठा), तांदूळ ७०, अंडं एक, बोकडाची कलेजी २०, भोपळा १००, करडईचं तेल एक चमचा, आईचं तूप अर्धा चमचा, कवचाची पूड ३ ग्रॅम, डॉक्टरांची पूड मापानं, चिमूटभर मीठ; तारलीच्या दोन दिवशी चिकन २०० आणि कवच २ ग्रॅम. पाऊस ओसरला आणि फिरणं वाढलं की तांदूळ पुन्हा ८५-९० करून बघायचा, वजन दर पंधरवड्याला. पुढची रक्ततपासणी मार्चमध्ये.